बंड, पण कशाविरुद्ध?

दोन वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या पहिल्या कवितासंग्रहाचं परीक्षण लिहिलं. आम्ही इंजिनिअरिंगला एकाच हॉस्टेलवर होतो. त्याच्या कवितांचे कच्चे खर्डे मी मेसच्या टेबलावर वाचलेले, त्यामुळे परीक्षण जरा प्रेमानेच लिहिलं गेलं. छापून आल्यावर त्याचा फोन आला. आभार वगैरे मानून झाल्यावर तो म्हणाला, "एक विचारू का? तू मला चार वेळा बंडखोर म्हटलंयस. मी मोजलं. मी नक्की कोणाविरुद्ध बंड केलं रे? नाव सांग, जाऊन माफी मागून येतो."

मी हसलो, तोही हसला. फोन ठेवल्यावर मी परीक्षण पुन्हा उघडलं. 'रूढ चौकट मोडणारी', 'प्रस्थापित काव्यदृष्टीला नकार देणारी', 'बंडखोर जाणिवेची' असे शब्द होते. ती चौकट कोणती, कोणी घातलेली, आणि कवीने ती कुठल्या कवितेत मोडली, यातलं काहीच नव्हतं. संग्रहातल्या निम्म्याहून जास्त कविता त्याच्या वडिलांच्या आजारपणावर आहेत. माझ्या परीक्षणात 'बंडखोर' हा शब्द चारदा आला होता आणि 'वडील' हा एकदाही आला नव्हता.

हा लेख त्या फोनचं उत्तर आहे. दोन वर्षं उशिरा का होईना.

*

उत्तर सापडायला सुरुवात झाली ती कवितेच्या पुस्तकात नव्हे, तर ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दरवर्षी ऑडिट होतं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आयएसओ ९००१ सारखं प्रमाणपत्र असलेल्या कंपनीत ऑडिटर येतात, तुम्ही जे नियम स्वतः लिहून ठेवलेत त्याप्रमाणे खरंच वागता का ते बघतात, आणि जिथे वागत नाही तिथे 'नॉन-कन्फॉर्मिटी' लिहितात. आमच्यात तिला नुसतं 'एनसी' म्हणतात. "माझ्यावर एनसी आली" हे वाक्य आमच्याकडे "पोलिसांनी पावती फाडली" अशाच सुरात म्हणतात.

माझ्यावर आली. रात्री दोन वाजता एक बग लाइव्ह सिस्टीममध्ये गोंधळ घालत होता. मी दुरुस्ती केली आणि कोणाचीही मंजुरी न घेता कोड थेट चढवला. नियमाप्रमाणे दोघांनी तो आधी तपासायला हवा होता. सकाळी मॅनेजरने पाठ थोपटली होती, त्यामुळे ऑडिटच्या दिवशी मी जरा ताठच होतो. ऑडिटर मॅडमना मी सांगायला लागलो की ही प्रोसेसच मूर्खपणाची आहे, मला नियमांपेक्षा काम महत्त्वाचं वाटतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रोसेस मूर्खपणाची आहे, हे तुमचं मत झालं. मत मला लिहिता येत नाही. मला तीन गोष्टी लागतात. काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि त्याचा पुरावा."

व्याख्याही तेवढीच साधी आहे: अपेक्षित गोष्टीची पूर्तता न होणं म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी. तीत कौतुक नाही आणि शिवीही नाही. माणूस शूर होता की आळशी, हे तिथे विचारत नाहीत. पण ज्या नियमाशी विसंगती आहे तो नियम नाव घेऊन सांगावाच लागतो. तो सांगता आला नाही, तर एनसी लिहिताच येत नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना लोकलमध्ये मला ते परीक्षण आठवलं. मी मित्रावर चार एनसी लिहिल्या होत्या आणि एकीतही नियमाचा पत्ता नव्हता.

*

मग उत्सुकता म्हणून हा शब्द आला कुठून ते शोधलं. तो कारखान्यातून आला असेल असं मला वाटत होतं, पण तो चर्चमधून आला आहे.

इंग्लंडमध्ये १६६२ साली 'ॲक्ट ऑफ युनिफॉर्मिटी' नावाचा कायदा झाला. सरकारमान्य चर्चमधल्या प्रत्येक धर्मोपदेशकाने एका ठरावीक प्रार्थनापुस्तकातल्या सगळ्या मजकुराला जाहीर संमती द्यायची, आणि तीही २४ ऑगस्ट १६६२ च्या आत. ज्यांनी दिली नाही त्यांची जागा गेली. १६६० ते १६६२ या काळात मिळून दोन हजारांच्या आसपास उपदेशक असे बाहेर पडले. त्यांना आणि त्यांच्यामागे गेलेल्या लोकांना 'नॉन-कन्फॉर्मिस्ट' म्हणू लागले.

इथे नियम कोणता, तारीख कोणती, मोडला कोणी, सगळं लख्ख आहे. किंमतही लख्ख आहे. १६६४ च्या कायद्याने, घरच्या माणसांखेरीज पाचाहून जास्त लोकांनी वेगळ्या उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरलं. १६६५ च्या कायद्याने या उपदेशकांना त्यांच्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत फिरकायला बंदी झाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधल्या धार्मिक अटी बहुतांशी हटायला १८७१ साल उजाडलं. म्हणजे ही एनसी दोनशे वर्षांहून जास्त काळ उघडीच होती. मधल्या काळात या लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनिएल डिफो अशाच एका शाळेत शिकला.

यातलाच एक जॉन बन्यन. परवानगीशिवाय प्रवचन केल्याबद्दल तो सुमारे बारा वर्षं तुरुंगात होता. त्याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या अनुवादित कथात्म पुस्तकांत त्याचा उल्लेख होतो. म्हणजे 'नॉन-कन्फॉर्मिस्ट' हा शब्द आपल्या ओठांवर येण्याच्या कितीतरी आधी एका खऱ्या नॉन-कन्फॉर्मिस्टाचं पुस्तक मराठीत येऊन बसलं होतं.

योगायोग असा की त्याच १८४१ मध्ये अमेरिकेत इमर्सनचा 'सेल्फ-रिलायन्स' हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात नॉन-कन्फॉर्मिस्ट असणं हीच खऱ्या माणसाची खूण ठरली. इथून शब्दाचा प्रवास बदलतो. 'कोणत्या पुस्तकाला संमती दिली नाही' हा प्रश्न मागे पडतो आणि 'मी मुळात वेगळा आहे' ही भावना पुढे येते. इमर्सनवर मात्र अन्याय नको. त्याच्याकडे स्वतःचं कलम होतं. तो बोस्टनमध्ये चर्चचा उपदेशक होता आणि एका विशिष्ट धार्मिक विधीवर विश्वास उरला नाही म्हणून त्याने १८३२ मध्ये ती जागा सोडली होती. आधी किंमत मोजली, नंतर निबंध लिहिला. वाचणाऱ्यांनी निबंध उचलला आणि राजीनामा तिथेच ठेवला.

पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. १९९७ मध्ये ॲपलने 'थिंक डिफरंट' ही जाहिरात केली आणि वेगळेपणा ही विकत घेण्याची वस्तू झाली. आज एकाच अल्गोरिदमने सुचवलेला, एकाच चालीवरचा, एकाच फाँटमधला 'मी गर्दीतला नाही' असा रील लाखो लोक टाकतात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या कपाटात 'रूल्स आर बग्ज' छापलेला टी-शर्ट आहे. कंपनीने सगळ्यांना वाटला होता. शुक्रवारी घालून येणं अपेक्षित असतं.

*

आता आपल्या शब्दांकडे येतो. मराठीत नॉन-कन्फॉर्मिटीला एक शब्द नाही, आणि हे मला आपलं भाग्य वाटतं. कारण आपल्याकडे पाच-सहा शब्द आहेत आणि कोणाला कोणता मिळतो यावरून समाज कळतो.

'बंडखोर' घ्या. शेवटचं 'खोर' फारसीतून आलेलं. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर, हरामखोर ही त्याची भावंडं. घराणं काही फार अब्रूदार नाही. साहित्यात आल्यावर मात्र हा शब्द एकदम इस्त्री करून उभा राहतो. वर्तमानपत्रात तो सगळ्यात जास्त कधी दिसतो? निवडणुकीत. पक्षाने तिकीट दिलं नाही म्हणून अपक्ष अर्ज भरणारा तो बंडखोर. त्याला त्याच खुर्चीवर बसायचं असतं, त्याच पद्धतीने, फक्त स्वतः. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की 'बंडोबा थंडोबा झाले' असा मथळा येतो. सामान्य मराठी माणसाला बंडाचं हे रूप पक्कं ठाऊक आहे. समीक्षकाने 'बंडखोर कवी' म्हटलं की त्याच्या मनात एक शंका उगाच येत नाही: याला तिकीट मिळालं नव्हतं का?

'चाकोरीबाहेरचा' हा सौम्य शब्द. चाकोरी म्हणजे गाडीची चाकं जाऊन जाऊन पडलेला खोल माग. ओल्या मातीत त्यातून बैलगाडी बाहेर काढायची तर गाडी कलंडण्याचा धोका असतो, बैलांना जोर लागतो. हल्ली करिअर मार्गदर्शनाच्या जाहिरातींत चाकोरीबाहेरच्या वाटा फी भरून मिळतात.

'विक्षिप्त' आणि 'तऱ्हेवाईक' हे सुखवस्तू शब्द आहेत. ज्याच्या वेगळेपणाची इतरांना झळ लागत नाही, किंवा लागली तरी त्याच्या पैशापुढे वा मानापुढे कोणी बोलत नाही, त्याला ते मिळतात.

आणि मग 'आगाऊ', 'हट्टी', 'डोक्यावर चढलेली'. माझ्या आत्याची मुलगी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन ठरत आलेली स्थळं तिने नाकारली. दोन्ही वेळा कारण तोंडावर सांगितलं: लग्नानंतर पगार कोणाच्या खात्यात जाणार, हे त्यांनी आधी ठरवून टाकलं होतं. नियम सांगितला, पुरावा दिला, नकार दिला. ऑडिटर मॅडमनी पूर्ण गुण दिले असते. घरात तिला आजवर कोणी बंडखोर म्हटलेलं नाही. 'ताई जरा आगाऊच आहे' असं म्हणतात. मी मुक्तछंदातल्या पंचवीस कवितांना बंडखोर म्हटलं, आणि ताईबद्दलचं ते वाक्य दरवर्षी गणपतीत ऐकून गप्प बसलो. शब्दांचा हा हिशोब चुकला आहे, आणि चूक माझ्या वहीतही आहे.

*

मराठी साहित्यात कलम, पुरावा आणि निष्कर्ष असलेली नॉन-कन्फॉर्मिटी शोधायची तर सुरुवात १८८५ पासून करावी लागेल. त्या वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. आजच्या साहित्य संमेलनाचं हे पूर्वरूप. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवलं. फुल्यांनी नकाराचं पत्र लिहिलं आणि ते 'ज्ञानोदय'मध्ये ११ जून १८८५ ला छापून आलं.

हे पत्र फार मोठं नाही. साहित्यात रस असलेल्या प्रत्येकाने ते एकदा मुळातून वाचावं. त्यात 'मला तुमची चौकट मान्य नाही' असलं मोघम काही नाही. मुद्दा असा आहे: जे लोक माणसांना माणसाचे हक्क खुशीने देत नाहीत, वागण्यातही देत नाहीत, त्यांच्या सभा आणि पुस्तकं यांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांनी काय सोसलं हे न सोसणाऱ्यांच्या पुस्तकांत येऊ शकत नाही. म्हणून आमचं आम्ही बघू.

ऑडिटच्या भाषेत मांडून बघा. अपेक्षित काय? सर्व ग्रंथकारांची म्हणवणारी सभा सर्वांची असायला हवी. प्रत्यक्षात काय? ती एका थराची आहे. पुरावा? त्या थराच्या लोकांचं वागणं आणि त्यांची पुस्तकं. म्हणजे आपण ज्याला फुल्यांचं बंड म्हणतो, त्यात खरी एनसी सभेवर लिहिलेली आहे, फुल्यांवर नाही. नियम सभेनेच मोडला होता, तोही स्वतःच्या नावातला. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. 'बंडखोर' म्हणून आपण कौतुक करतो तेव्हा सभेला मूळ मानतो आणि फुल्यांना तिच्यापासून दूर गेलेलं टोक. फुल्यांनी स्वतःची जागा तशी आखलेलीच नव्हती.

आणखी एक धागा. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. हे मिशन ज्या काँग्रिगेशनल पंथाचं होतं त्याची मुळं इंग्लंडातल्या त्याच जुन्या, सरकारी चर्च नाकारणाऱ्या लोकांमध्ये आहेत. त्यांच्या वारसांच्या कागदावर फुल्यांचं नकारपत्र छापलं गेलं. यातून प्रभावाची कुठलीही थिअरी मला काढायची नाही. पण शब्द आला नसला तरी शब्दामागची गोष्ट मराठीत कधीची आहे, एवढं यातून नक्की दिसतं.

ही एनसी बंद झाली का? १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. एकशे चौदा वर्षांनी वेगळी सभा भरवावी लागते, याचा अर्थ नोंद अजून उघडीच होती.

*

दुसरा माणूस माझ्या जास्त जवळचा आहे, कारण तो गणिताचा होता. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. हे काम आणि कॉलेजातली नोकरी एकत्र चालेना. १९२५ मध्ये नोकरी गेली, काम राहिलं. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तो खटलाही ते हरले.

कर्व्यांचं लेखन वाचताना मला सतत जाणवतं ते त्यांचं रुक्ष असणं. बंडखोर म्हटल्यावर जो आवेश डोळ्यांसमोर येतो तो तिथे नाही. गणिताचा मास्तर फळ्यावर पायऱ्या लिहितो तसं ते लिहितात: तुमचं विधान हे, त्यातून हे निघतं, ते खोटं आहे, म्हणून विधान चूक. लैंगिक सुख हे पाप आहे, मुलं देवाच्या हातात आहेत, बाईची इच्छा विचारायची नसते, ही समाजाची न लिहिलेली कलमं त्यांनी एकेक करून कागदावर लिहून काढली आणि प्रत्येकासमोर पुरावा ठेवला. त्यांच्या नियमभंगाची गंमत हीच आहे की आधी नियम लिहून काढायचं कामही त्यांनाच करावं लागलं.

१९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले. म्हणजे जे सांगितल्याबद्दल नोकरी गेली त्यातला एक मोठा भाग त्यांच्या हयातीतच सरकारी धोरण झाला. व्यवस्थेने नियम बदलला आणि ज्याच्यामुळे चूक दिसली त्याचं नाव फॉर्मवर राहिलं नाही.

इथे एका बाईचं नाव घ्यायलाच हवं, आणि ते घेताना अडखळायला हवं, कारण ते तिचं नाव नव्हतं. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात होतं. गदारोळ झाला, ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. कर्वे स्वतःच्या नावाने लिहून कोर्टात उभे राहू शकले. मालतीबाईंना पुस्तक वाचवण्यासाठी स्वतःला लपवावं लागलं. बंडखोरीच्या आपल्या कल्पनेत छाती पुढे काढलेला माणूस असतो. टोपणनावामागे उभी असलेली बाई त्या चित्रात बसत नाही, म्हणून चित्रच बदलायला हवं.

*

आता अवघड उदाहरण. 'कोसला'. १९६३, देशमुख आणि कंपनी, लेखक पंचविशीतला. माझ्या पिढीतल्या ज्या कोणी पुण्यात हॉस्टेलवर राहून मराठी वाचलं, त्यांच्यासाठी बंडखोर पुस्तक म्हणजे हेच. मीही वाचलं आणि दोन महिने 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' शिवाय बोललो नाही. वर ते कुठेतरी आलंही असेल.

पण नियम कोणता मोडला? माझ्या वाचनाप्रमाणे निदान दोन. एक, कादंबरीतलं मराठी हे बोलण्याहून वेगळं, नटलेलं असायला हवं. दोन, नायकाच्या आयुष्यातून काहीतरी निष्पन्न व्हायला हवं: प्रेम, ध्येय, निदान एक भव्य पराभव. पांडुरंग सांगवीकर शिकायला येतो, पैसे उडवतो, नापास होतो, गावी परत जातो. बहिणीचा मृत्यू येतो तेव्हासुद्धा भाषा नटत नाही. म्हणूनच तो मृत्यू अजून अंगावर येतो. पुरावा पानापानावर आहे.

अडचण पुढे येते. मोडलेला नियम मोडून राहिला की काय होतं? त्याच्या जागी नवा नियम येतो. हॉस्टेल, निरर्थकता, तिरकस निवेदन, 'वगैरे'. हे सगळं आता अपेक्षित आहे. आज असं लिहिणारा 'कोसला'शी कन्फॉर्म करतो, आणि त्याच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर मात्र 'बंडखोर' छापलेलं असतं. नेमाड्यांना २०१४ चा ज्ञानपीठ मिळाला म्हणून बंड संपलं, असंही काही जण म्हणतात. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. १९६३ मधला नियमभंग १९६३ च्या नियमांशी ताडून बघायचा असतो. पुरस्काराने तो मागे जाऊन पुसला जात नाही. तसाच तो आजच्या अनुकरणाला उधारही देता येत नाही.

*

माझ्या या फॉर्मवर एक आक्षेप मला स्वतःलाच आहे. साहित्य म्हणजे काय कारखाना आहे? सगळे नियम लिहिलेले थोडेच असतात? कवीला आपण काय मोडतोय हे माहीतही नसतं.

खरं आहे. इंग्लंडात कायदा छापलेला होता. आपल्याकडचे बहुतेक नियम हवेत असतात. पण मला वाटतं, समीक्षकाचं काम तिथेच सुरू होतं. जो नियम कोणी लिहिला नाही आणि सगळे पाळतात, तो शोधून एका वाक्यात लिहून दाखवायचा. हे कठीण आहे. 'बंडखोर' हा शब्द हे कष्ट वाचवतो म्हणून तो इतका लाडका आहे.

ऑडिटमधली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नॉन-कन्फॉर्मिटी सापडल्यावर काय करायचं, हे आयएसओ ९००१ च्या १०.२ या कलमात आहे. चूक निस्तरायची, तिचं मूळ कारण शोधायचं, आणि गरज पडली तर व्यवस्थाच बदलायची. माझ्या एनसीचं मूळ कारण असं निघालं की रात्रपाळीला एकच माणूस असतो आणि नियमाला तपासणारे दोन हवे होते. नियम पाळणं शक्यच नव्हतं. तो बदलला. ते मी केलेल्या भाषणामुळे घडलं नाही. मॅडमनी लिहिलेल्या तीन ओळींमुळे घडलं.

म्हणून गेल्या महिन्यात मित्राचा संग्रह पुन्हा वाचला, तीन रकाने आखून. एकूण बेचाळीस कविता. बहुतेक कविता काहीच मोडत नाहीत. त्या ओळखीच्या वाटेनेच जातात, आणि त्यातल्या काही फार चांगल्या आहेत. चांगलं असण्यासाठी काही मोडावं लागतंच असं नाही, हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. तीन कवितांत मात्र काहीतरी घडतं. आजारी बापाबद्दलच्या कवितेत आपण बापाला मोठा करतो. तो कष्टाळू, अबोल, समजून घेतलेला नसतो, आणि शेवटी मुलाला उशिरा कळतो. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण मोडून बघा. या तीन कवितांमधला बाप कटकट्या आहे. तो नर्सशी हुज्जत घालतो, डाळिंबाचे दाणे मोजून खातो, मुलाच्या पगाराची चौकशी शेजारच्या पेशंटसमोर करतो. मुलगा रडत नाही. त्याला घरी जाऊन झोपायचं असतं, आणि कविता त्याला त्यासाठी माफ करत नाही की दोषही देत नाही.

नियम, पुरावा, निष्कर्ष असं सगळं लिहून मी त्याला पाठवलं. माफीही मागितली, चार शब्दांची आणि एका न लिहिलेल्या शब्दाची.

त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. "बंड वगैरे काही नव्हतं रे त्या तीन कवितांत. बाबा खरंच तसेच होते."

मी त्याला एवढंच कळवलं की ऑडिटमध्ये हेतू विचारत नाहीत. मग बाबांबद्दल विचारलं. आधी कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो.